पाटाचे पाणी आणि चिपचा कारखाना



रात्री वीज आली की घरबसल्या मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू करणारे आता गावोगाव आहेत. त्या स्टार्टरच्या पोटात नखाएवढी चिप असते. चिपा बनविण्यात तैवान हे छोटेसे बेट जगात आघाडीवर आहे. तेथील शेतकरी आपल्या कोकणासारखाच भातवाला. त्याची हकिगत आपणही जाणून घ्यावी अशी आहे.

१९८० साली तैवान सरकारने सिंचू येथे विज्ञान उद्यान उभारले. उद्यान म्हणजे फुलबाग नव्हे. प्रयोगशाळा, संशोधन आणि कारखाने एकाच आवारात, अशी ती वसाहत. पुढे मध्य व दक्षिण तैवानातही अशी उद्याने झाली. रोजगार आला, पैसा आला. धुराडी नाहीत म्हणून लोकांना हा उद्योग स्वच्छ वाटला. पण चिप तयार होताना ती अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी लागते. या कारखान्यांची तहान मोठी असते.

२०२० साली तैवानच्या किनाऱ्यावर एकही चक्रीवादळ आले नाही. तेथील धरणे बरीचशी वादळी पावसावरच भरतात. ती आटली. २०२१ मध्ये सरकारने सुमारे ७४ हजार हेक्टर शेतीचे पाटपाणी बंद केले. कारखान्यांनाही कपात झाली, पण ते चालू राहिले. शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, हे खरे. परंतु भरपाई शेताची मिळते. लावणीचे मजूर, रोपे विकणारे, भातगिरणीवाले यांचा बुडालेला हंगाम कोण भरून देणार?

यात शिकण्याजोगेही आहे. तेथील मोठे कारखाने प्रक्रियेतील ८० टक्क्यांहून अधिक पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. ताइनान शहराचे सांडपाणीही शुद्ध करून उद्यानाला दिले जाते. म्हणजे मनात आणले तर पाटाला हात न लावताही पुष्कळ काम भागते.

आपल्याकडे हिंजवडीच्या शिवारात माहिती तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली. उद्या तुमच्या शिवाराजवळ असे काही येणार असेल, तर विरोधाची किंवा स्वागताची घाई करू नका. जनसुनावणीला जा आणि तीन प्रश्न विचारा. पाणी कोठून घेणार? दुष्काळात आधी कोणाचे तोडणार? सांडपाणी कोणत्या ओढ्याला सोडणार? उत्तरे लेखी मागा.

आणखी एक काम आजच करा. मोटार थोडा वेळ चालवून स्वच्छ बाटलीत विहिरीचे लिटरभर पाणी घ्या, प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल जपून ठेवा. दर महिन्याला विहिरीची पातळी वहीत टिपा. पुढे पाणी बिघडले किंवा आटले, तर तोंडी तक्रारीपेक्षा ही वहीच तुमच्या बाजूने बोलेल.