पेहराव जुळवणाऱ्याची विद्या

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न फिरू लागतो : पुढे काय? डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस भरती, बँकेची परीक्षा ही उत्तरे सर्वांच्या तोंडपाठ आहेत. पण अलीकडे एखादी मुलगी, क्वचित एखादा मुलगाही, हळूच म्हणतो, 'मला फॅशन स्टायलिस्ट व्हायचंय.' घरात शांतता पसरते. वडील शाळेत येतात आणि विचारतात, 'गुरुजी, हे काय असतं हो? यात पोट भरतं का? की नुसता नट्टापट्टा?' गुरुजींना तरी हे कोणी सांगितलेले असते? वाचकहो, वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि मुलीची इच्छाही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तेव्हा हा व्यवसाय म्हणजे काय, तो कुठे आणि कसा शिकता येतो, आणि त्यात फसगत कुठे होते, याचा आज नीट विचार करू.

प्रथम एक घोटाळा दूर करू या. शिंपी कपडा शिवतो. डिझायनर नव्या कपड्याची कल्पना काढतो, ती कागदावर उतरवतो. स्टायलिस्ट बहुधा यांतले काहीच करत नाही. तयार असलेल्या शेकडो कपड्यांतून, दागिन्यांतून, चपलांतून नेमके काय निवडायचे, कशाला काय जोडायचे आणि ते कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी घालायचे, हे तो ठरवतो. मासिकातील छायाचित्र, दुकानाची जाहिरात, दूरचित्रवाणीवरील निवेदिका, चित्रपटातील नट, लग्नातील नवरी अशा अनेक ठिकाणी त्याचे काम असते. आपल्या लग्नघरात एखादी आत्या असते पाहा. ती सगळे शालू मांडीवर घेऊन बसते आणि म्हणते, 'हा नको, हा अंगावर फिका पडेल. तो काढा, आणि त्याच्यावर ठुशीच घाला.' आणि तिचे बरोबर ठरते! आत्याबाई जे अनुभवाने करतात, तेच स्टायलिस्ट अभ्यासाने, हिशेबाने आणि मोबदला घेऊन करतो.

हे सारे परदेशातून आलेले खूळ आहे, असेही कोणी समजू नये. आपल्या संगीत नाटकमंडळ्यांत 'कपडेपट' नावाचे एक स्वतंत्र खातेच असे. पेट्या, शेले, अंगरखे, पगड्या यांची व्यवस्था तेथे चाले, आणि कपडेपट सांभाळणारा माणूस चुकला तर राजा रंगभूमीवर भिकाऱ्यासारखा दिसे. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा थाट तर प्रसिद्धच आहे. बालगंधर्वांनी रंगभूमीवर जशी साडी नेसावी, जसे केस बांधावेत, तसे महाराष्ट्रातल्या घरंदाज स्त्रिया घरी करून पाहत. एका नटाचा पेहराव सबंध समाजाची आवड घडवतो, ही गोष्ट आपण शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेली आहे.

आणि या क्षेत्रातले आपल्या मातीतले सर्वांत मोठे नाव कोणते? भानू अथैय्या. 1929 साली कोल्हापुरात राजोपाध्ये घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या आणि तेथे सुवर्णपदक मिळवले. पुढे स्त्रियांच्या एका इंग्रजी साप्ताहिकासाठी त्या पेहरावांची चित्रे काढू लागल्या. तेथून कपडे करण्याकडे आणि कपड्यांतून चित्रपटांकडे वळल्या. 1956 च्या 'सी. आय. डी.' पासून त्यांचे नाव झाले. 1982 च्या 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. 1983 साली ते स्वीकारणाऱ्या भानूताई या तो मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय होत. 2020 साली त्यांचे निधन झाले. त्यांचे काम वेशभूषाकाराचे, म्हणजे स्टायलिस्टच्या सख्ख्या शेजारचे. पण त्यांच्या वाटचालीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : आधी हात आणि डोळा तयार झाला, फॅशन मागून आली.

'गांधी' चित्रपटाचेच उदाहरण पुढे चालवू. दक्षिण आफ्रिकेत गांधीजी बॅरिस्टर म्हणून सूट घालत. पुढे तो गेला, काठेवाडी पेहराव आला, आणि 1921 साली मदुराईत त्यांनी फक्त पंचा स्वीकारला. ही तीन वेषांतरे म्हणजे एका माणसाच्या विचारांची तीन पावले आहेत. उलट बाजूने पाहा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर नीटनेटका सूट घालत. ज्या समाजाला चांगले वस्त्र नेसण्याचीही मनाई होती, त्या समाजाच्या पुढाऱ्याच्या अंगावरचा तो सूट केवढे बोलत होता! एकाने वस्त्र टाकून जे सांगितले, ते दुसऱ्याने वस्त्र धारण करून सांगितले. कपड्याला अशी भाषा असते. ती वाचता आली आणि लिहिता आली, की स्टायलिस्टचे अर्धे शिक्षण झाले.

मग उरलेले अर्धे कोणते? पहिली गोष्ट म्हणजे कापडाची ओळख. सुती कापड चुरगळते, पण ताठ उभे राहते. क्रेप अंगावरून पाण्यासारखे ओघळते. रेशमाला चमक असते, आणि दिव्याखाली ती दुप्पट होते. हे बोटांना कळले पाहिजे. पुस्तकात वाचून भागत नाही.

दुसरी गोष्ट रंग आणि उजेड. दुकानातल्या दिव्याखाली घेतलेली साडी उन्हात वेगळीच निघते, हा अनुभव घरोघर आहे. कॅमेऱ्याची तर आणखी निराळी तऱ्हा. फार बारीक आणि दाट रेघांचा सदरा कॅमेऱ्यात थरथरल्यासारखा दिसतो. पांढराशुभ्र कपडा उजेड परतवतो आणि चेहरा काळवंडलेला वाटतो. म्हणून अनुभवी माणूस शुभ्राऐवजी किंचित मळकट पांढरा निवडतो.

तिसरी गोष्ट माप आणि ठेवण. छायाचित्रात सदरा कसा अगदी बेतून शिवल्यासारखा दिसतो! पुष्कळदा पाठीमागे चिमटे लावून तो ओढून धरलेला असतो. स्टायलिस्टच्या पिशवीत सुई-दोरा, टाचण्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, वाफेची इस्त्री, तंतू आणि केस काढायचे रूळ अशी सामग्री असते. दुकानातून उसने आणलेले बूट परत करायचे असतात, म्हणून त्यांच्या तळव्याला आधी चिकटपट्टी लावतात. नट्ट्यापट्ट्याच्या मागे हे असे कष्टाचे, बारकाव्याचे काम आहे.

चौथी गोष्ट इतिहास. ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या हातात घड्याळ दिसले तर आपण हसतो. पण त्याच मावळ्याच्या शेल्याला सेफ्टी पिन लावलेली असते, तिला कोणी हसत नाही. सेफ्टी पिन 1849 सालची आहे. कृत्रिम रंगाचा शोध 1856 साली लागला, तेव्हा शिवकालातल्या स्त्रीच्या अंगावर भडक रासायनिक जांभळा रंग शोभायचा नाही. नायलॉन तर 1935 साली तयार झाले. हे ज्याला ठाऊक, त्याला चित्रपटवाले आणि मालिकावाले शोधत येतात.

पाचवी गोष्ट नोंद आणि विश्वास, आणि माझ्या मते ही सर्वांत मोठी. कपडे, दागिने बहुतेक उसने आणलेले असतात. काय आणले, कोणाचे, किती किमतीचे, कधी परत करायचे, परत देताना डाग होता का, हे सारे वहीत लिहिलेले हवे. चित्रपटाचे चित्रण क्रमाने होत नाही. आज दारातून आत आलेला माणूस खोलीत पोचतो दहा दिवसांनी. दारात त्याच्या सदऱ्याचे वरचे बटण उघडे असेल, तर खोलीतही ते उघडेच हवे. म्हणून प्रत्येक वेळी छायाचित्र काढून ठेवतात. ज्याच्या हातून एक अंगठी हरवली त्याला पुढच्या वेळी कोणी उसने देत नाही. हिशेबी आणि सचोटीचा माणूसच येथे टिकतो.

आता शिकायचे कोठे? वाटा तीन आहेत.

पहिली वाट जवळची. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपले आय. टी. आय. तेथे शिवणकाम, ड्रेस मेकिंग, फॅशन डिझाइन असे वर्षाभराचे अभ्यासक्रम अनेक ठिकाणी आहेत. त्यांची फी सामान्य घराला झेपण्यासारखी असते. स्टायलिस्ट हा शब्द तेथे ऐकू येणार नाही, पण कापड, माप आणि शिलाई यांचा पाया पक्का होतो. शिवणाऱ्याला जुळवता येते. न शिवणारा प्रत्येक टाक्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

दुसरी वाट पदवीची. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने 1986 साली दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था स्थापन केली. तिलाच निफ्ट म्हणतात, आणि तिचे एक केंद्र मुंबईत आहे. बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून, प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांची पदवी घेता येते. स्टायलिंगकडे जाणाऱ्याला त्यातला फॅशन कम्युनिकेशन हा विषय जवळचा. परीक्षेत चित्रकल्पनेची चाचणी असते, सामान्य ज्ञान आणि भाषा असते, आणि दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू करून दाखवायची असते. पुठ्ठा, सुतळी, काड्या यांच्याशी खेळत वाढलेल्या खेड्यातल्या मुलाला हे शेवटचे जड जाऊ नये. मात्र प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, तेव्हा त्या भाषांची तयारी आठवीनववीपासूनच हवी. खर्च लाखांत जातो, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण आर्थिक साहाय्याची योजना आहे, आणि विणकर व हस्तकारागीर यांच्या मुलांसाठी प्रवेशाची वेगळी सोय आहे. त्यासाठी कारागीर म्हणून सरकारी ओळखपत्र लागते. येवल्याचा विणकर असो, कोल्हापूरचा चर्मकार असो, हे ओळखपत्र त्याने काढून ठेवावे. याशिवाय महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेले महिला विद्यापीठ आहे, मुंबईची कलाशाळा आहे, तेथेही वस्त्र आणि पेहराव यांचे शिक्षण मिळते.

तिसरी वाट उमेदवारीची. शिक्षण कोठेही होवो, शेवटी कोणा जाणत्या स्टायलिस्टच्या हाताखाली पिशव्या उचलाव्याच लागतात. पहाटे निघायचे, इस्त्री करायची, दुकाने हिंडायची, रात्री कपडे मोजून परत करायचे. आरंभी मिळकत तुटपुंजी, कधी नुसते जेवणखाण. शहरात भाड्याची खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला हे दिवस काढणे सोपे नसते. म्हणून घरच्यांनी आधीच ठरवावे : निदान दोन वर्षे किती पैसे धाडता येतील? तेवढी सोय नसेल तर आधी गावात किंवा तालुक्याला शिवणकाम, साडी नेसवणे, नवरीची तयारी यांतून चार पैसे गाठीला बांधावेत. नऊवारी नीट नेसवणारी बाई आज शहरात शोधावी लागते, हे विसरू नका.

आता फसगतीविषयी. 'सहा महिन्यांत स्टायलिस्ट व्हा, नोकरीची हमी' अशी पाटी दिसली की सावध व्हा. चार प्रश्न विचारा. या संस्थेला कोणत्या विद्यापीठाची किंवा सरकारची मान्यता आहे? शिकवणाऱ्यांनी स्वतः कोठे काम केले आहे? फी सोडून साहित्याचा खर्च किती? आणि मागच्या वर्षीच्या तीन विद्यार्थ्यांना मला भेटता येईल का? चौथ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत. जमीन गहाण टाकून तर मुळीच नाही. हमीची नोकरी या व्यवसायात नाही. काम आज आहे, उद्या नाही, आणि झालेल्या कामाचे पैसेही कधी उशिरा मिळतात. हे समजून जो उतरेल त्याने खुशाल उतरावे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या हातात पुष्कळ आहे. स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याला कपडेपटाचा प्रमुख नेमा. कोणाच्या घरून काय आणले याची वही त्याच्याकडे द्या, आणि सर्व वस्तू परत गेल्यावरच त्याचे काम संपले असे समजा. एकच पांढरा सदरा पाच निरनिराळ्या माणसांना, म्हणजे शिक्षकाला, शेतकऱ्याला, वकिलाला, गवयाला आणि पुढाऱ्याला, कसा शोभेल याचे चित्र काढायला सांगा. आजीच्या पेटीतल्या लुगड्यांची नावे, त्यांचे काठ, त्यांचे गाव लिहून आणायला सांगा. ज्या मुलाला यात रस वाटेल आणि ज्याची वहीही बिनचूक असेल, त्याच्या आईवडिलांशी आपण होऊन बोला.

आजीच्या पेटीचे मी उगीच बोललो नाही. 2025 साली इटलीतील प्रादा या नामांकित कंपनीने मिलान शहरात पुरुषांच्या पेहरावाचे प्रदर्शन केले. त्यात थेट कोल्हापुरी वाटावी अशी चप्पल होती, पण कोल्हापूरचे नाव नव्हते. आपल्याकडे ओरड झाली, तेव्हा ही प्रेरणा भारतीय चपलेची आहे असे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला 2019 सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. वाचकहो, आपल्या पैठणीला, खणाला, हिमरूला, घोंगडीला योग्य जागी योग्य नावाने मांडणारी माणसे आपल्याकडे जितकी तयार होतील, तितकी अशी वेळ कमी येईल, आणि विणणाऱ्याच्या, शिवणाऱ्याच्या घरात दोन पैसे अधिक जातील. हे काम खेड्यातली मुले अधिक चांगले करतील, कारण माग आणि रापी त्यांनी जवळून पाहिलेली असते.

तेव्हा मुलीने असा विषय काढला तर लगेच 'नाही' म्हणू नका, आणि लगेच फीही भरू नका. तिला एक वर्ष द्या. त्या वर्षात ती शिवायला शिकते का, वही ठेवते का, उसनी वस्तू वेळेवर परत करते का, हे पाहा. ती या तिन्हींत उतरली, तर तिच्या पाठीशी उभे राहायला हरकत नाही.