कृष्णेचं पाणी रुळांवरून

नकाशात आधी नद्या बघा. मिरज कृष्णेकाठी. लातूरचं पाणी उतरतं मांजरेत, आणि मांजरा पुढे नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला मिळते. मधे बालाघाटाचे डोंगर. या पाण्यानं इकडे जायचं, त्यानं तिकडे, ही वाटणी त्यांनी केव्हाच करून टाकलेली. कृष्णेचं पाणी आपण होऊन लातूरला पोचणं अशक्य. तरी एप्रिल २०१६ मध्ये ते पोचलं, ‘जलदूत’ रेल्वेनं, जवळपास ३४० किलोमीटर प्रवास करून! पहिल्या खेपेला १० वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली.

मला पाण्याइतकंच नवल वाटतं ते त्या वाटेचं. ही मुळात बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. दोन रुळांत अंतर जेमतेम अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं एकच हट्ट धरला: इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार अधिक चाकांवर वाटला की हलके रूळ पुरतात, आणि रूळ हलके तर रेल्वे स्वस्त. पंढरीचे वारकरी आणि शेतमाल दोन्ही तिनं वाहिले.

पण स्वस्ताईची किंमत कुर्डुवाडीला मोजावी लागे. तिथे रुंद रूळ भेटत. माल उतरवा, पुन्हा भरा. तिकडे नांदेडवरून जाणारा निजामाचा हैदराबाद-मनमाड मार्ग मीटरगेज, म्हणजे त्याचं माप आणखी तिसरंच. पोती हमालांच्या पाठीवरून हलतात, पाणी कसं हलवणार? जलदूतच्या आधी काही वर्षंच मिरज-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला, म्हणून त्या अवजड टाक्या थेट लातुरात शिरल्या.

याच वाटेजवळ तेर आहे, प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचं कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. तगर ते पैठण दहा दिवस, तिथून भडोच वीस. महिनाभर बैलांची पायपीट, तीही धड रस्ते नसलेल्या मुलखातून. नदीनं नेणं सोपं नव्हतं का? पण तेरणा, मांजरा, गोदावरी साऱ्या पूर्वेला वाहतात, आणि कापडाचं गिऱ्हाईक होतं पश्चिमेच्या समुद्रापलीकडे.