बाजार उघडला, आता कागदांची पिशवी उघडूया



आज आपण बोलणार आहोत कोरोनानंतर पुन्हा उभं राहण्याबद्दल. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला देवळं उघडली. कार्तिकीला त्या वर्षी पंढरपुरात वारकरी दिसले. १ डिसेंबरपासून खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या शाळाही भरू लागल्या. आठवडी बाजार भरू लागला. एसटीच्या संपामुळं वडापला जास्तीचे पैसे मोजावे लागत होते, पण टोपली घेऊन बाया पुन्हा बाजाराला निघाल्या होत्या.

पण बाजार उघडला म्हणजे घर उघडलं असं होत नाही. बऱ्याच महिन्यांनी आमच्या एका गटाची बैठक मारुतीच्या पारावर भरली, तेव्हा बारा जणी होत्या. सगळ्यांत शेवटी एक ताई येऊन कडेला बसली. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा तिचा धंदा चांगला चालायचा. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत तिचे मालक गेले. गटाचे तिच्याकडं १८,००० रुपये राहिले होते आणि आठ महिने हप्ता आला नव्हता. तिला बघून सगळ्या गप्प झाल्या. वसुलीचं तिच्याकडं कसं बोलायचं हे कुणालाच कळेना, आणि न बोलूनही चालणार नव्हतं, कारण ते पैसे बारा जणींचे होते.

त्या बैठकीपासून पुढं आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी गटाच्या कर्जाचं बघू. एक जण म्हणाली, "सोडून द्या तिचं कर्ज." आक्का म्हणाल्या, "आगं, माझ्या पोरीच्या लग्नाला ठेवलेली बचत हाय ती. सोडून कसं द्यायचं?" दोघींचंही खरंच होतं. शेवटी असा ठराव झाला: उशिराचा दंड माफ. व्याज माफ नाही. महिन्याला शेकडा १ रुपया दरानं आठ महिन्यांचं व्याज १,४४० रुपये झालं होतं, ते वेगळं लिहिलं. मूळ १८,००० चे २४ हप्ते पाडले, म्हणजे महिन्याला ७५० आणि त्यावरचं व्याज. ठराव वहीत लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कर्ज बुडालं नाही आणि ताईही गटातून गेली नाही. तुमच्या गटातही कुणाचे हप्ते थकले असतील तर मनात ठेवू नका. बैठकीत बोला आणि वहीत लिहा.

बँकेच्या कर्जाबद्दल मात्र एक गैरसमज काढायला हवा. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ता न भरण्याची सवलत रिझर्व्ह बँकेनं दिली होती. कित्येक जणींना वाटलं, सहा हप्ते माफ झाले. तसं नव्हतं. हप्ता पुढं ढकलला होता, व्याज चालूच होतं. समजा ५०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज वर्षाला १२ टक्के आहे. महिन्याचं व्याज झालं ५००, सहा महिन्यांचं ३,०००. या व्याजावर पुन्हा जे व्याज चढलं, ते साधारण ७६ रुपये होतं. सरकारनं नंतर बँकांमार्फत परत दिलं ते हे चक्रवाढीचं, म्हणजे ७६ रुपये. ३,००० आपल्याच अंगावर राहिले. म्हणून कर्जाचा उतारा मागून घ्या, किती बाकी आहे ते स्वतः वाचा. आणि एक कर्ज फेडायला दारात आलेल्या माणसाकडून दुसरं कर्ज घेऊ नका. लॉकडाऊनमध्ये हे आम्ही फार बघितलं. त्या बाया अजून सावरल्या नाहीत.

आता ज्या घरात माणूस गेलं, त्या घरासाठी.

कोरोनानं मृत्यू झालेल्यांच्या जवळच्या नातेवाइकाला ५०,००० रुपये मिळायचे. सर्वोच्च न्यायालयानं ४ ऑक्टोबर २०२१ ला तसा आदेश दिला आणि आपल्या राज्य सरकारचा निर्णय २६ नोव्हेंबरला निघाला. अर्ज ऑनलाइन करायचा होता. आधार कार्ड, बँक पासबुक, मृत्यूचा दाखला आणि कोरोना झाल्याचा पुरावा लागायचा. तपासणीचा रिपोर्ट आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो धरायचे, मग तो घरी झालेला असला तरी. दवाखान्यात दाखल असतानाच ३० दिवस उलटून गेले असतील तरीही धरायचे.

आमच्या ताईची अडचण इथंच होती. मालकांच्या मृत्यूच्या कागदावर हृदयविकार लिहिलेला. ती म्हणाली, "कोरोना लिहिलंच नाही, मग मला कोण देणार?" पण नियम असा होता की दाखल्यावर कोरोना लिहिला नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नव्हता. आम्ही मालकांचा जुना मोबाईल चार्ज केला. त्यात तपासणीचा मेसेज तसाच होता, त्यावर नमुन्याचा नंबर होता. त्या नंबरावरून रिपोर्टची प्रत मिळाली. मैत्रिणींनो, गेलेल्या माणसाचा फोन विकू नका, मेसेज पुसू नका. अर्ज नामंजूर झाला तर जिल्ह्याला तक्रार निवारण समिती होती, तिथं दाद मागता यायची. अशा कामासाठी कुणी हजार-दोन हजार मागत असेल, तर देऊ नका.

दुसरं, मालकांचं पासबुक घ्या आणि मे-जून महिन्यातली पानं बघा. २०२१ पर्यंतच्या पानांवर ३३० रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची त्या वेळची रक्कम. त्यात कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख मिळतात, कोरोनानं झाला तरी. १ जून ते ३१ मे असं त्याचं वर्ष असतं. त्या वेळी १२ रुपये कापलेले असतील तर तो अपघाताचा विमा, तो इथं चालत नाही. आमच्या ताईनं पासबुक देवघरात ठेवलं होतं, उघडलंच नव्हतं. उघडलं तर २०२० च्या पानावर ३३० ची नोंद! बँकेत दाव्याचा अर्ज दिलाय. पैसे अजून आले नाहीत, पण पोच आपल्या हातात आहे.

तिसरं, तहसील कचेरी. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात. उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला २०२१ मध्ये महिन्याला १,०००, एक मूल असेल तर १,१०० आणि दोन असतील तर १,२०० रुपये मिळायचे. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, त्यात २०२१ मध्ये महिन्याला १,१०० मिळायचे. तो अर्ज महिला व बालविकास कार्यालयाकडं जातो. ज्या लेकरांचे आई-वडील दोघेही कोरोनानं गेले, त्यांच्या नावावर राज्य सरकार ५ लाखांची ठेव ठेवायचं. हे सगळं एका जागी बघायला ऑगस्ट २०२१ पासून तालुक्यातालुक्यात मिशन वात्सल्यची समिती केली होती, तहसीलदार तिचे अध्यक्ष होते. कुठल्या खिडकीत जायचं कळलं नाही तर त्या समितीचं नाव घ्यायचं. आणि घर-जमिनीवर वारस नोंद लावायला तलाठ्याकडं जा. दीर आपले, जाऊ आपली, हे खरंच, पण नोंद ती नोंद.

आता धंद्याकडं येऊ.

२७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाप्रमाणं दुकान चालवणारी, तिथं काम करणारी आणि येणारं गिऱ्हाईक, सगळ्यांचे दोन्ही डोस झालेले लागायचे. मास्क नसेल तर ५०० रुपये दंड होता. 

भांडवल कुठून आणायचं? आधी गटातलं. बाजार उघडला म्हणून एकदम मोठं कर्ज घेऊ नका. मग बँक. गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, गटाची बचतही अडकवून ठेवायची नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं विनातारण कर्जाची ही मर्यादा २० लाख केली. बँक त्यासाठी गटाची वही बघते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री बंद काळात मोडली असेल, तर आधी तीन महिने नीट बैठका घ्या, मग बँकेत जा.

ज्या बाया खेड्यातून सोलापूर, बार्शी, पंढरपूरला जाऊन रस्त्यावर भाजी, फळं, हार-फुलं विकतात, त्यांच्यासाठी पीएम स्वनिधी आहे. २०२१ मध्ये नियम असा होता: २४ मार्च २०२० च्या आधीपासून शहरात विक्री करत असाल, तर महापालिका किंवा नगरपालिकेकडून शिफारसपत्र घेऊन १०,००० चं विनातारण कर्ज मिळायचं. वर्षभरात फेडायचं. वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के व्याज सरकार खात्यात परत टाकायचं आणि पुढं २०,००० मिळायचे. योजनेची मुदत तेव्हा मार्च २०२२ पर्यंत होती.

चटणी, पापड, लोणची, ज्वारीचे पदार्थ करणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना होती. त्यात गटातल्या सदस्याला ४०,००० पर्यंत बीजभांडवल गटामार्फत मिळायचं, त्याचा अर्ज उमेदच्या तालुका कक्षातून व्हायचा. यंत्र घ्यायचं असेल तर ३५ टक्के अनुदान होतं, त्यासाठी कृषी कार्यालयात विचारायचं. अन्नपदार्थ विकायचे तर वर्षाला १०० रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी करा. उद्योगाची उद्यम नोंदणी मात्र फुकट आहे, आधार नंबरावर होते. तिचे पैसे घेणारा फसवतोय असं समजा.

आणि ज्यांचा विड्यांचा किंवा मजुरीचा आधारच तुटला, त्यांनी रोजगार हमीचं काम मागावं. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारभत्ता. २०२१-२२ मध्ये दर दिवसाला २४८ रुपये होता.

आता घरी गेल्यावर एक पिशवी घ्या. आधार, रेशन कार्ड, सगळ्यांची पासबुकं, मृत्यूचा दाखला, तपासणीचा रिपोर्ट, दवाखान्याची बिलं, गटाचं कर्जाचं पुस्तक, आणि प्रत्येक अर्जाची पोच त्यात ठेवा. पोच हा शब्द आजच्या बोलण्यातून तेवढा लक्षात ठेवा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असं धरतात. पुढच्या बैठकीला ती पिशवी घेऊन या. जिला वाचता येतं तिनं जिला येत नाही तिचं वाचून द्यावं.

आमच्या ताईनं नोव्हेंबरचा पहिला हप्ता भरला, ७५० आणि व्याज. दोन किलो चटणी बाजारात नेली होती, संपली. परवाच्या बैठकीत ती कडेला बसली नाही, आक्कांच्या शेजारी बसली होती.

पुन्हा भेटू. तोवर स्वतःला जपा आणि शेजारणीची चौकशी करा. नमस्कार.