‘टाय लावणे’ : एका वस्त्रखुणेचा प्रसंगविचार

मराठीत अंगावर वस्त्र धारण करण्याच्या क्रियेस एकच क्रियापद नाही. धोतर व लुगडे नेसावयाचे, सदरा घालावयाचा, शाल पांघरावयाची, उपरणे घ्यावयाचे आणि फेटा बांधावयाचा, अशी वस्त्रपरत्वे क्रियापदे ठरून गेलेली आहेत. इंग्रजीतून आलेल्या टायच्या बाबतीत मात्र बोलण्यात तीन क्रियापदे चालतात. गाठीचे कौशल्य अभिप्रेत असेल तेथे ‘टाय बांधणे’, नुसता पोशाख सांगावयाचा असेल तेथे ‘टाय घालणे’, आणि ‘आज टाय लावून आला आहे’ अशा वाक्यात ‘टाय लावणे’. यांपैकी तिसरे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी माणूस टिळा लावतो, बिल्ला लावतो, दारावर पाटी लावतो; सदरा लावीत नाही. टाय हे वस्त्र असण्यापेक्षा खूण अधिक आहे, हा निर्वाळा भाषेने क्रियापदाच्या निवडीतच देऊन टाकला आहे. कोणत्या प्रसंगी कोणता टाय शोभेल, हा प्रश्नही म्हणूनच खुणेच्या अंगाने सोडवावा लागतो.

पोशाखाकडे चिन्हव्यवस्था म्हणून पाहण्याची रीत भाषाशास्त्रास नवी नाही. प्राग संप्रदायातील प्योत्र बोगातिर्योव यांनी १९३७ मध्ये मोराव्हियातील स्लोव्हाक लोकवेशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नित्याचा, सणाचा व विधीचा वेश यांची कार्ये निरनिराळी असतात, आणि वेश विधीकडे सरकू लागला की त्याचा व्यावहारिक उपयोग मागे पडतो, असे त्यांनी दाखविले. टायमध्ये तर व्यावहारिक उपयोग जवळजवळ उरलेलाच नाही. सतराव्या शतकात क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातील रुमाल फ्रान्समध्ये लोकप्रिय झाला, त्याचा हा वंशज. इंग्लंडात त्याला बारकाव्यांचे व्याकरण लाभले. तिरप्या पट्ट्यांच्या रंगांवरून पलटण, क्लब किंवा शाळा ओळखावयाची, आणि आपली नसलेली पलटण गळ्यात मिरविणाऱ्यास तोतया समजावयाचे, अशी ती पद्धत.

हा बारकावा मराठी प्रदेशात आला नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीस लागून वाढलेल्या बजाजनगरचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होते. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली कामगार कुटुंबे या भागात स्थिरावली. येथे पट्ट्यांचा रंग कोणी वाचीत नाही. टाय आहे की नाही, एवढेच वाचले जाते. ध्वनिविचारात त्रुबेत्स्कॉय ज्यास अभावात्मक विरोध म्हणतो, त्याच जातीचा हा विरोध होय. त्याचे मूळही भक्कम आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने चालू यंत्राजवळ विशिष्ट कामे करणाऱ्यास अंगाला घट्ट बसणारे कपडे सक्तीचे केले होते. फिरत्या यंत्रासमोर लोंबता टाय म्हणजे प्रत्यक्ष फास. साहजिकच टाय लावलेला मनुष्य हा यंत्रापासून दूर बसणारा मनुष्य, असा अर्थ रूढ झाला.

तथापि खुणा स्थिर राहत नाहीत. हल्ली अनेक ठिकाणी कंपनीच्या दारावरील सुरक्षारक्षक टाय लावून उभा असतो आणि आतील अभियंता उघड्या गळ्याने वावरतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी, हॉटेलातील वाढपी आणि इंग्रजी शाळेतील मूल यांनाही टाय लागतो, कारण तो त्यांना लावावयास सांगितलेला असतो. ज्यास कोणी सांगत नाही, तो आता लावीत नाही. पूर्वी अधिकार सुचविणारी खूण अशा रीतीने आज्ञापालन सुचवू लागली आहे.

खरी अडचण होते ती मुलाखतीस जाणाऱ्या उमेदवाराची. समोर बसलेली मंडळी कोणता अर्थ वाचतील, हे त्यास आधी कळत नाही. अशा वेळी टाय लावून जावे हेच इष्ट. जास्त वाटला तर काढून खिशात ठेवता येतो, नसलेला मात्र ऐनवेळी निर्माण करता येत नाही. गडद निळा किंवा गडद लाल, एकरंगी अथवा बारीक ठिपक्यांचा, एवढी मर्यादा पुरे. टोक पट्ट्याच्या बक्कलापाशी यावे. अरुंद कॉलरला साधी लांबट गाठ, रुंद कॉलरला विंडसर गाठ. चकचकीत जरीकाम लग्नासाठी राखून ठेवावे.

लग्नाची गोष्ट निराळीच. नवरदेवाच्या अंगावर सूट व टाय, डोक्यास फेटा आणि कपाळी मुंडावळ्या, हा मेळ परक्यास विसंगत वाटतो. वस्तुतः तीनही खुणा एकच गोष्ट सांगतात, की आजचा दिवस नित्याचा नव्हे. याउलट दुःखाच्या घरी टाय वर्ज्यच समजावा. पाश्चात्त्य रीतीतील काळा टाय मराठी घरात शोक म्हणून वाचला जात नाही, दिमाख म्हणून वाचला जातो. न्यायालयात तर निवड नियमानेच होते. उच्च व जिल्हा न्यायालयांत वकिलास गळ्याशी पांढरे बँड लागतात; खालच्या न्यायालयांत त्यांच्याऐवजी काळा टाय चालतो. एकाच वकिलाने कोणत्या पायरीवर बाजू मांडावयाची आहे, ते अशा रीतीने गळ्यावरून सांगता येते.

टायला हौसेने ‘कंठलंगोट’ म्हणून हिणविण्याची एक परंपरा आहे. साहेबी नक्कल म्हणून हा उपहास एके काळी समजण्यासारखा होता, परंतु तो सर्वांना सारखा लागू करणे अन्यायाचे ठरते. अमुक वर्गाने अमुक तऱ्हेनेच नेसावे, अमुक धातूचेच दागिने घालावेत, हे बंधन ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांच्या दृष्टीने पोशाखाची निवड हीच मुळात मिळवावी लागलेली वस्तू होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने बदलण्याचा उपदेश केला, तो याच जाणिवेने. १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. गावोगावच्या पुतळ्यांत दिसणारा त्यांचा सूट व टाय मराठवाड्यातील विद्यार्थ्याने लहानपणापासून पाहिलेला असतो. त्याच्या कुटुंबातील पहिलाच टाय जेव्हा मुलाखतीसाठी विकत घेतला जातो, तेव्हा त्याचा आदर्श लंडनच्या क्लबात नसतो, चौकात असतो. मुलाखत घेणाऱ्याने गाठ वाकडी म्हणून हसण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावयास हवे.

बजाजनगरच्या शेजारीच छोटे पंढरपूर आहे. आषाढीस तेथे जाणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, आणि ‘माळ घातली’ या दोन शब्दांत मराठीत सबंध आचारधर्म सांगितला जातो. गळा ही खुणेची जागा आहे, हे येथील माणसास टायने शिकविलेले नाही. नवी गोष्ट एवढीच, की माळ एकदा घातली की उतरवीत नाहीत, आणि टाय संध्याकाळी खुंटीला जातो. तयार गाठीचा, मागे इलॅस्टिक असलेला टाय आल्यापासून तर ‘बांधणे’ या क्रियापदाचे कामच सुटत चालले आहे. त्या टायच्या बाबतीत ‘लावणे’ हेच एक क्रियापद नेमके बसते.