काचपेटीच्या मागच्या बाजूने

बिअर्डेड ड्रॅगनची जाहीर गोष्ट आता अकलूजच्या पोरांनाही तोंडपाठ आहे. ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा, स्वभावाने गरीब, खांद्यावर बसून फोटोला कायम तयार. मला मात्र पेटीची मागची बाजू जास्त आवडते. तिथे वायरी, तापमापक आणि किड्यांचे डबे असतात, आणि पिल्लू जगणार की नाही हे तिथेच ठरतं.

सर्वांत लाडका फोटो म्हणजे एकावर एक बसलेली दोन पिल्लं. खाली ‘किती प्रेम!’ असं हमखास लिहिलेलं. आतली भानगड वेगळी असते. दिव्याखालची उबदार जागा एकच, आणि वरच्या गड्याने ती बळकावलेली. ऊबही त्याची, अतिनील किरणही त्याचे. खालचा नुसता दबलेला. काही आठवड्यांत एक फुगतो, दुसरा रोडावतो. मग एके दिवशी शेपटीचं टोक किंवा पायाचं बोट कुरतडलेलं दिसतं. पालीची शेपटी पुन्हा फुटते, याची फुटत नाही. हात हलवून ‘टाटा’ करणारं पिल्लूही याच भांडणातलं. समोरच्याला ते ‘मी हरलो’ असं सांगत असतं. म्हणून जाणकार पालक एका पेटीत एकच पिल्लू ठेवतात. तरीही एखादं एकटं पिल्लू हात हलवताना दिसतं. तेव्हा पेटीच्या काचेकडे नीट बघावं: बऱ्याचदा त्याला तिथे स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असतं आणि ते त्यालाच शरण जात असतं.

उन्हाची गोष्ट याहून मोठी. अकलूजला उन्हाची काय कमतरता, असं म्हणून पेटी खिडकीशी ठेवली जाते. ऊन आत येतं, पिल्लू पसरून शेकतं, बघणाऱ्याला बरं वाटतं. पण हाडांसाठी लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यांच्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. यावर उपाय म्हणून यूव्हीबीची नळी आणली जाते, आणि खरा दगा पुढेच असतो. नळी वर्षानंतरही लख्ख पेटते, पण तिच्यातले कामाचे किरण केव्हाच ओसरलेले असतात. डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून सहा ते बारा महिन्यांत, नळीच्या जातीप्रमाणे, चालू असलेली नळी बदलावी लागते. घरच्यांना ही उधळपट्टी वाटते. पिल्लाची हाडं त्यावरच उभी असतात.

पुस्तकं बहुतेक थंड देशांतली. त्यांची सगळी चिंता पेटी गरम कशी करायची याची. शेकायची जागा चाळीस-बेचाळीस अंश, दुसरं टोक पंचवीस ते अठ्ठावीस, असा त्यांचा हिशेब. पिल्लू या दोन टोकांमध्ये ये-जा करून स्वतःचं अंग राखतं. माळशिरस तालुक्यात मे महिन्यात बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो. इथे गरम टोक फुकट मिळतं. मिळवावं लागतं ते थंड टोक. त्यात वीज गेली की पंखा, कूलर सगळं बंद. उन्हात ठेवलेली बंद काचपेटी तर बघता बघता भट्टी होते. कोवळ्या उन्हात न्यायचं तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि शेजारी बसून. दिवा लावण्याआधी तो बंद कधी करायचा हे शिकावं लागणारा ड्रॅगनपालक आपल्याकडचाच.

तळाला वाळू घालायचा मोह सगळ्यांना होतो, कारण वाळवंटाचा देखावा छान दिसतो. पिल्लू किड्यावर झडप घालतं तेव्हा वाळूही गिळतं, आणि इवल्याशा आतड्यात ती अडकू शकते. महागडे गालिचे आणले तर त्यात नखं अडकतात. यावर सर्वांत चांगला उपाय सोलापुरी घरात आधीपासून पायाखाली आहे: शहाबादी फरशीचा तुकडा. दिव्याखाली ती तापते, ऊब धरून ठेवते, नखं झिजवते आणि ओल्या फडक्याने साफ होते. हजारोंचा देखावा हरतो आणि फरशीवाल्याकडचा टाकाऊ तुकडा जिंकतो, याचा मला फार आनंद होतो.

खाण्याच्या बाबतीत पिल्लू दिवसातून दोन-तीनदा किडे मागतं. पालेभाजीची ओढ मोठेपणी वाढते. किडा किती मोठा, याचं माप त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढं. त्यावर कॅल्शियमची पूड. दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढंच द्यायचं आणि उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढायचे. कारण रात्री दिवा मालवला की पारडं उलटतं: शिकारी झोपतो आणि उपाशी रातकिडे त्याच्या पापण्या, बोटं कुरतडू लागतात.

किडे विकत कशाला, उसाच्या बांधावर नाकतोडे उड्या मारतायत, हा सल्ला गावात फुकट मिळतो. त्या बांधावर फवारणी झालेली असते, हे सांगणारा सोबत येत नाही. काजव्यांचं तर बोलायलाच नको. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात काजवे खाऊन पाळीव बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याची नोंद आहे. काजव्याच्या अंगात हृदयावर घाला घालणारं विष असतं आणि काजवे न पाहिलेल्या सरड्याला त्याची जाणच नसते. बांधावरून आणण्यासारखी चीज एकच: फवारणीपासून लांब वाढलेल्या फड्या निवडुंगाचं कोवळं पान, काटे आणि कुसळं काढून. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत, ते या पाहुण्याचं पक्वान्न.

खरेदीकडे यावं. अकलूजचा घोडेबाजार पाहिलेला माणूस शिंगराचे दात बघतो, खूर उचलतो, चालवून बघतो. तोच माणूस ड्रॅगनचं पिल्लू मात्र मोबाईलवरच्या फोटोवरून घेतो. बघायचं तेवढंच असतं: उघडे टपोरे डोळे, शाबूत बोटं, सरळ पाय, शेपटीचं भरलेलं मूळ. आणि ते आलं कुठून. ऑस्ट्रेलिया आपल्या रानातल्या प्राण्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकं होऊ देत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या सहार कार्गो संकुलात महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेला माल उघडला, तेव्हा आत अजगर, सरडे, कासवं, इग्वाना असे ६६५ प्राणी निघाले. त्यांतले ११७ पेटी उघडण्याआधीच मेलेले होते. म्हणून पिल्लू कुठे जन्मलं हे विचारावं, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर माघारी फिरावं.

‘नर-मादीची खात्रीशीर जोडी’ असं सांगणाऱ्यापासूनही जपावं. एक तर इतक्या लहान वयात ओळख कठीण. त्यात २०१५ साली ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवून दिलं की अंडी साधारण बत्तीस अंशांपलीकडे उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही मादी म्हणून जन्मतात, आणि पुढे अंडीही घालतात. अशा माद्या त्यांना रानातही सापडल्या. आपल्या उन्हाळ्यात घरच्या घरी अंडी उबवू पाहणाऱ्याने हे आधी वाचावं.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका ड्रॅगनला जाळीचं छोटं दार डोक्याने बाजूला सरकवून पलीकडची अळी मिळवायला शिकवलं आणि इतरांना त्याची चित्रफीत दाखवली. पाहणाऱ्यांनी तस्संच दार सरकवलं. ज्यांना नुसतं दार आपोआप सरकताना दाखवलं, त्यांतल्या एकालाही जमलं नाही. तेव्हा सरकत्या काचेला खिट्टी लावाच, आणि शेजारच्या पेटीतला बघत असेल तर जरा आडोसा करून लावा.