रुग्णालयातील सुरक्षा : टाळता येणारी इजा आणि तिची जबाबदारी

उपचार घेताना रुग्णाला होणारी इजा दोन प्रकारची असते. एक, सगळी काळजी घेऊनही आजारामुळे किंवा उपचारामुळे उद्भवणारी गुंतागुंत. दुसरी, वेळीच लक्ष दिले असते तर टळली असती अशी इजा. वैद्यकीय निष्काळजीपणाचा कायदा आणि रुग्णसुरक्षेचे शास्त्र, दोघांचाही संबंध या दुसऱ्या प्रकाराशी येतो. कायदा नुकसान झाल्यावर जबाबदारी ठरवतो; रुग्णसुरक्षा नुकसान होण्याआधीच त्याची वाट अडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचारादरम्यान इजा होते, असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून अधिक मृत्यू होतात आणि यांतील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोगी असते.

इमारत आणि यंत्रणा

जबलपूर हे मध्य प्रदेशातील महाकोशल भागातील उपचारांचे मुख्य केंद्र. १९५५ साली सुरू झालेले, आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाणारे वैद्यकीय महाविद्यालय, जुने व्हिक्टोरिया रुग्णालय, लेडी एल्गिन रुग्णालय आणि अनेक खासगी रुग्णालये येथे आहेत. मंडला, दिंडोरी, सिवनी, कटनी, नरसिंहपूर या जिल्ह्यांतले रुग्ण याच शहराकडे धाव घेतात. १ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी दमोह नाका भागातील एका बहुमजली खासगी रुग्णालयाला आग लागली. रुग्ण आणि कर्मचारी मिळून आठ जणांचा मृत्यू झाला. आग जनरेटरच्या बाजूने दारापाशी भडकली. आत-बाहेर करण्याची वाट एकच असल्याने वरच्या मजल्यांवरील माणसे अडकली. अग्निशमन विभागाच्या तात्पुरत्या परवानगीची मुदतही संपलेली होती.

मध्य प्रदेशात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९७३ च्या कायद्याखाली होते. नियम कागदावर होते. प्रत्यक्ष तपासणी आणि मुदत संपताच कारवाई, या दोन्ही ठिकाणी साखळी तुटली. महाराष्ट्रानेही हेच भोगले आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाच्या आगीत दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती झाली आणि पुरवठा खंडित होऊन बावीस रुग्णांचा मृत्यू झाला. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून अतिदक्षता विभागातील अकरा रुग्णांचे प्राण गेले. या घटनांत रुग्णांचा जीव शस्त्रक्रियेतल्या चुकीने गेला नाही. वीज, वायू, बाहेर पडण्याचा मार्ग आणि देखभाल यांतल्या उणिवांनी गेला.

औषध

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून औषध नियंत्रणापर्यंतच्या अनेक दोषांवर बोट ठेवले. जवळजवळ चार दशकांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जबलपूर विभागातील छिंदवाडा जिल्ह्यात हेच विष पुन्हा मुलांच्या शरीरात गेले. परासिया भागातील वीसहून अधिक बालके कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरला उपचार झाले. तमिळनाडूतील तपासणीत या औषधात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. कच्च्या मालाची तपासणी, तयार औषधाची तपासणी, औषध प्रशासनाची देखरेख आणि लहान मुलांना खोकल्याचे औषध देताना डॉक्टरांनी घ्यायची सावधगिरी, यांपैकी कोणताही एक पहारा जागा असता तर ही मुले वाचू शकली असती.

शस्त्रक्रिया

१९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका महिलेच्या नसबंदी शस्त्रक्रियेत पोटात कापडी मॉप राहिला; काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली राज्य सरकारला जबाबदार धरले. म्हणजे कुटुंबाला अंतिम न्याय मिळायला तेहेतीस वर्षे लागली. मॉप मोजण्याला मात्र मिनिटेच लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेली शस्त्रक्रिया तपासणी सूची एकोणीस मुद्द्यांची आहे: भूल देण्यापूर्वी रुग्णाची ओळख, संमती आणि अ‍ॅलर्जी, चीर देण्यापूर्वी रुग्ण, जागा आणि प्रक्रिया यांची सर्वांनी मिळून खात्री, रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी मॉप, सुया आणि हत्यारांची मोजणी. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही सूची वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

कायद्याच्या वाटा

निष्काळजीपणाच्या भारतीय कायद्याचा एक पाया मराठी मुलखातच घातला गेला. १९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर पाय मोडलेल्या एका तरुणाला पुण्याला आणले गेले आणि तेथील उपचारांदरम्यान त्याचा मृत्यू झाला. त्या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण स्वीकारायचा का हे ठरवताना काळजी, उपचार निवडताना काळजी आणि उपचार करताना काळजी.

आज रुग्णापुढे तीन मुख्य वाटा आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. व्यावसायिक गैरवर्तनासाठी राज्य वैद्यकीय परिषद आहे. फौजदारी वाट अरुंद आहे, आणि ती तशीच असावी. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि पोलिसांनी तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यायला हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. भीतीपोटी डॉक्टर गंभीर रुग्ण नाकारू लागले, तर त्यात रुग्णाचेच नुकसान आहे.

रुग्णाचे हक्क

तातडीच्या प्रसंगी प्राण वाचवणारे उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या निकालाने स्पष्ट झाले. शस्त्रक्रियेपूर्वी धोके आणि पर्याय समजावून संमती घेणे बंधनकारक आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांच्या नोंदी द्याव्या लागतात. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक केले आहे.

वरील बहुतेक दुर्घटनांमध्ये नियम आधीपासून होते आणि ते पाळायचे कसे हेही ठाऊक होते. त्यामुळे केवळ एखाद्या डॉक्टरला शिक्षा झाली की प्रश्न मिटत नाही. प्रत्येक रुग्णालयात झालेल्या आणि थोडक्यात टळलेल्या चुकांची नोंद निर्भयपणे व्हावी, अग्निशमन आणि प्राणवायू यंत्रणेचे तपासणी अहवाल लोकांपुढे यावेत आणि मुदत संपलेल्या दाखल्यावर एकही खाट चालू नये. नातेवाइकांनीही दाखल होतानाच बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग, औषधाचे नाव आणि शस्त्रक्रियेची जागा विचारून घ्यावी. असे विचारणे हा डॉक्टरवरचा अविश्वास नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे आणि रुग्णालयाने त्याचे उत्तर द्यायलाच हवे.