जुन्या निकाहाची कॅसेट आणि रुंद टीव्ही

मंडईच्या आसपास व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंगचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांकडे हल्ली एक काम हमखास येते. कपाट आवरताना घरच्या मंडळींना पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या निकाहाची व्हीएचएस कॅसेट सापडते. मुलगा ती घेऊन दुकानात येतो व म्हणतो, "भाईजान, ही पेनड्राइव्हवर करून द्या. आणि टीव्हीचा पडदा पूर्ण भरला पाहिजे, बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत." काम किरकोळ वाटते. दुकानदार हो म्हणतो, कॉम्प्युटरवर एक आकडा बदलतो आणि संध्याकाळपर्यंत काम हातावेगळे करतो. या घाईत काय होते, ते आम्ही स्वतः अनुभवले आहे.

आमच्या थोरल्या बंधूंच्या १९९१ सालच्या निकाहाची कॅसेट आम्ही शहरातील एका दुकानात दिली होती. परत मिळालेले चित्र पडदा भरून होते, स्वच्छही होते. पण काझीसाहेब खुतबा पढत असताना वकील व गवाह यांच्या मागे आमचे वालिद उभे होते, तेथे त्यांचा चेहराच नव्हता. शेरवानीची बटणे दिसत होती, त्यावर काही नाही. वालिद १९९४ साली अल्लाहला प्यारे झाले. त्यांचे हलतेबोलते चित्र त्या कॅसेटखेरीज कोठेही नाही. विचारणा केली तेव्हा कळले की, मूळ उतरवलेले चित्र कॉम्प्युटरवरून पुसून टाकले गेले होते. कॅसेट हाती होती म्हणून ती दुसरीकडे पुन्हा लावता आली. तरी एका जागी फीत चुरगळली ती चुरगळलीच. त्या कारागिराने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. आपण काय कापतो आहोत हे त्याने पाहिले नाही, इतकेच.

मुळात या पट्ट्या येतात कोठून? मंडईजवळ १९१५ साली आर्यन चित्रपटगृह सुरू झाले. ते पाडले गेल्याला चाळीस वर्षे होऊन गेली, आज त्या जागी वाहनतळ आहे. त्या मूकपटांच्या काळात चित्र चार भाग रुंद व तीन भाग उंच, असे माप जगभर रूढ होते. टीव्ही आला तेव्हा त्यानेही तेच माप उचलले, आणि टीव्हीमागून व्हीएचएस कॅमेऱ्यानेही. आजचा टीव्ही मात्र सोळा भाग रुंद व नऊ भाग उंच आहे. उंची सारखी धरली तर नवा पडदा जुन्याहून एक तृतीयांशाने अधिक रुंद झाला. त्या जादा जागेत दाखवायला कॅसेटमध्ये काहीच नाही, कारण कॅमेऱ्याने ते टिपलेच नव्हते. सॉफ्टवेअर कितीही महागाचे घ्या, ही गोष्ट बदलत नाही.

तेव्हा कारागिरापुढे मार्ग थोडेच राहतात. सर्वांत सोपा व सर्वांत वाईट मार्ग म्हणजे चित्र आडवे ताणणे. असे केले की दुल्हा गुबगुबीत दिसतो, गाडीची चाके लांबट होतात आणि शिडशिडीत माणसे ओळखू येत नाहीत. गिऱ्हाइकाला दोष सांगता येत नाही, पण काही तरी चुकले आहे हे त्याला कळते. हे कधीही करू नये.

दुसरा मार्ग चित्र मोठे करून वरखाली कापण्याचा. यात उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. आपल्याकडील पाल पद्धतीच्या चित्रात ५७६ ओळी असतात. त्यांपैकी ४३२ उरतात आणि त्या ओढून १०८० ओळींच्या पडद्यावर पसरायच्या, म्हणजे अडीचपट वाढ झाली. व्हीएचएसचे चित्र आधीच मऊ असते, त्यात ही वाढ. तिसरा मार्ग चित्र जसे आहे तसे मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना पट्ट्या राहू देण्याचा. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर मधले चित्र सुमारे १४४० बिंदूंचे होते व प्रत्येक बाजूला २४० बिंदू मोकळे राहतात.

येथे कोणी म्हणेल, मग 'शोले' कसा झाला? प्रश्न रास्त आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट ७० मिलिमीटरच्या भव्य पडद्यावर दाखवला गेला, पण त्याचे चित्रीकरण साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर, चौकोनी मापातच झाले होते. ७० मिलिमीटरचे कॅमेरे फार खर्चाचे होते. पुढे लंडनमध्ये ते चित्र मोठे करून रुंद करण्यात आले. तेथेही वरखाली कापलेच गेले. फरक एवढाच की, पुढे चित्र कापले जाणार हे दिग्दर्शक रमेश सिप्पी व छायालेखक द्वारका दिवेचा यांना चित्रीकरण करतानाच ठाऊक होते आणि त्या हिशेबाने माणसे चौकटीत उभी केली गेली. १९९१ साली खांद्यावर कॅमेरा घेऊन गर्दीत घुसलेल्या आपल्या शूटिंगवाल्याला हे कोण सांगणार होते? त्याने टोपी वरच्या कडेला व मिठाईचे ताट खालच्या कडेला टेकवून चौकट भरली, आणि त्या काळी तेच बरोबर होते.

म्हणून कापायचे असेल तर सरसकट कापू नये, शॉट पाहून कापावे. प्रीमियरमध्ये क्लिपच्या 'मोशन' भागात 'स्केल' व 'पोझिशन' असे दोन आकडे असतात. एडियसमध्ये हेच काम 'लेआउटर'मध्ये होते. पाल चित्राला १०८० च्या टाइमलाइनवर स्केल सुमारे १८७.५ दिले की उंची बसते, २५० च्या आसपास दिले की रुंदी भरते. रुंदी भरल्यावर चित्राची उंची १४४० होते, म्हणजे ३६० ओळी पडद्याबाहेर जातात. कोणत्या बाजूच्या जाव्यात हे आपल्या हाती असते. प्रीमियरमध्ये पोझिशनचा उभा आकडा ५४० असतो, तेव्हा वरून व खालून सारखेच कापले जाते. तो ७२० केला की चित्राचा माथा पूर्ण दिसतो व सगळी कात्री खाली लागते. निकाहाच्या बहुतेक शॉटमध्ये चेहरे वरच्या भागात असतात. आमच्या वालिदांचा चेहरा एवढ्या एका आकड्याने वाचला असता! कॅमेरा हलत असेल तर की-फ्रेम लावून हा आकडा सावकाश बदलता येतो. मात्र खाली दुल्हा-दुल्हनची नावे किंवा कॅमेऱ्याची तारीख उमटलेली असेल तर तेथे कात्री लावू नये. तो शॉट पट्ट्यांसह ठेवावा.

ग्रुप फोटोच्या वेळचे शॉट, जेथे डोक्यापासून चपलांपर्यंत माणसे उभी असतात, तेही तसेच ठेवावेत. अशा ठिकाणी मधला तोडगा उपयोगी पडतो. चित्र थोडेच मोठे करायचे, स्केल २१९ च्या सुमारास. मग उंचीचा साधारण सातवा हिस्साच जातो आणि पट्ट्या निम्म्या होतात. ब्रिटनमध्ये रुंद प्रसारण सुरू झाले त्या काळात बीबीसीने हीच युक्ती केली होती. काही जण पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची धूसर प्रत लावतात. आम्हाला ती नाचणारी धूसरता आवडत नाही. त्यापेक्षा गडद रंगाची साधी जागा किंवा मेहराबीची स्थिर वेलबुट्टी बरी दिसते.

कामाला हात घालण्यापूर्वी आलेले चित्र खरोखर चौकोनी आहे की नाही, हे तपासावे. पुढच्या काळातील अनेक डीव्ही कॅमेऱ्यांत रुंद चित्रणाची सोय होती. ते चित्रही ७२० बाय ५७६ बिंदूंतच साठते, फक्त आडवे दाबलेले असते. माणसे काठीसारखी उंच व बारीक दिसली तर समजावे की सॉफ्टवेअरने माप चुकीचे वाचले आहे. तेथे कापणे वा ताणणे नको. प्रीमियरच्या 'इंटरप्रिट फुटेज'मध्ये बिंदूचे प्रमाण १.०९४० ऐवजी १.४५८७ निवडले की एक ओळही न गमावता चित्र जागेवर येते.

आणखी एक चूक फार दिसते. पाल चित्र सेकंदाला ५० फील्डमध्ये, एकाआड एक ओळींनी उमटते. ते तसेच उभे वाढवले की हात हलताना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. प्रीमियरमध्ये 'फील्ड ऑप्शन्स'मधून डीइंटरलेस करून मगच मोठे करावे. कापण्याचा एक फायदा मात्र आहे. व्हीएचएसच्या तळाशी जी थरथरणारी रेघ असते, ती कात्रीबरोबर निघून जाते.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम बाजूची मोकळी जागा आपल्या मनाने भरून देतात. तेथे ते भिंत काढतील, झुंबर काढतील, प्रसंगी पाहुणेही काढतील. जो माणूस त्या दिवशी हजर नव्हता, त्याला गवाहांच्या शेजारी बसवणे हे लग्नाच्या चित्रात चालणार नाही. चेहरे ठसठशीत करणाऱ्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे. तो नाकडोळे कधी कधी स्वतःच घडवतो आणि घरच्यांना ते चटकन खटकते.

गिऱ्हाइकाशी बोलणी करताना तोंडी वर्णन पुरत नाही. एकच अर्ध्या मिनिटाचा तुकडा पट्ट्यांसह व कापून, असा दोन्ही प्रकारे टीव्हीवर दाखवावा आणि या प्रसंगात कोणकोण आहे हे विचारावे. घरातील कोणी वारले असेल तर ते कोठे बसले आहेत, हे नातलगच सांगू शकतात. शॉट पाहून कापण्याला वेळ लागतो. तीन तासांच्या कॅसेटला दोन-तीन दिवस सहज जातात. त्याचे पैसे वेगळे सांगून घ्यावेत, त्यात संकोच नको. पेनड्राइव्हमध्ये मात्र दोन फाइली द्याव्यात, एक रुंद केलेली व दुसरी न कापलेली चौकोनी. दुसरीचे वेगळे पैसे लावू नयेत.

कॅसेट लावण्यापूर्वी झाकण उघडून फितीवर पांढरी बुरशी आहे का ते पाहावे. पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटला ती हमखास येते, आणि तशीच लावली तर व्हीसीआरचे हेडही खराब होते. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, त्यानंतर नवे यंत्र मिळत नाही. ज्यांच्याकडे चालू स्थितीतील यंत्र आहे त्यांनी ते भंगारात न घालता साफ करून ठेवावे. जोडणीच्या केबल तपकीर गल्लीत अजून मिळतात.